जुनी गल्ली मास्टर प्लॅनमध्ये कशी वाचवायची: बेळगाव, खानापूर, निपाणी भागासाठी मार्गदर्शक

बेळगावच्या जुन्या भागातली एखादी गल्ली डोळ्यांसमोर आणा. रस्ता ६ मीटरचा. दोन्ही बाजूंना कट्टे, कट्ट्यामागे सोपा म्हणजे ओसरी, सोप्याला सागवानी खांब, वर कौलारू माळा. मास्टर प्लॅनच्या नकाशात त्याच गल्लीवर १२ मीटर रुंदीची रेषा पडली की दोन्ही बाजूंची ३-३ मीटर जागा रस्त्यात जाते. ३ मीटर म्हणजे दहा फूट, म्हणजे नेमका कट्टा आणि सोपा. खांब तिथेच असतात, खांबांवरची तुळई तिथेच असते आणि त्या तुळईवर माळ्याचा सगळा भार असतो. पुढचे दहा फूट कापले की मागचं घर उभं राहत नाही, ते उतरवावंच लागतं. नोटीस हातात पडेपर्यंत कदाचित पंधरा वर्षं जातील. घराचं भवितव्य मात्र रेषा ओढली त्याच दिवशी ठरलेलं असतं.

म्हणून वारसा जपायचा तर बुलडोझर आल्यावर आंदोलन करण्यापेक्षा नकाशा तयार होत असताना कागद घेऊन हजर राहायला हवं. कर्नाटकात यासाठी कायद्याचा आधार आहे. कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा, १९६१ मध्ये ‘वारसा इमारत’ आणि ‘वारसा परिसर’ या दोन्हींच्या व्याख्या आहेत. कोणती इमारत वारसा हे नियोजन प्राधिकरण किंवा त्याने नेमलेली तज्ज्ञ समिती ठरवू शकते. मास्टर प्लॅनमध्ये काही भाग ‘विशेष नियंत्रणाचे’ म्हणून जाहीर करून तिथली बांधकाम रेषा, उंची, एफएआर (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात किती बांधकाम चालेल तो आकडा) आणि बांधणीची शैली यांचे वेगळे नियम करता येतात. दर दहा वर्षांनी प्लॅनचा फेरविचार व्हावा, असंही कायदा म्हणतो. आपल्या भागात या तरतुदी फारशा वापरल्या जात नाहीत, कारण प्राधिकरणासमोर वापरण्याजोगी यादी कुणी ठेवत नाही. ती यादी कशी करायची आणि प्लॅनमध्ये कशी बसवायची, ते पुढे सविस्तर दिलं आहे.

आधी हद्द ओळखा

चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज तीन-चार महिने तिथेच पडून राहतो आणि तेवढ्यात मुदत निघून जाते. त्यामुळे जागा कोणाच्या अखत्यारीत येते हे सगळ्यात आधी पक्कं करा.

बेळगाव शहराचा मास्टर प्लॅन बुडा (बेळगाव नगरविकास प्राधिकरण) करते, घर बांधायची परवानगी महानगरपालिका देते. दोन्हीकडे प्रत द्यावी लागते. प्लॅनमध्ये नियम आला तरी परवानगीच्या टेबलावर तो माहीत नसेल तर उपयोग शून्य. कॅम्पातल्या जागा कॅन्टोन्मेंट बोर्ड आणि लष्कराच्या ताब्यात आहेत, तिथे २००६ चा कॅन्टोन्मेंट कायदा लागतो. किल्ल्यातली कमल बस्ती आणि सफा मशीद भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत, त्यांचं मंडळ कार्यालय धारवाडला. राज्य संरक्षित स्मारकं मैसूरला मुख्यालय असलेल्या राज्य पुरातत्त्व खात्याकडे असतात. निपाणीला नगरपालिका, खानापूरला नगर पंचायत, खेड्यांत ग्रामपंचायत. भीमगडासारखा किल्ला अभयारण्यात असल्याने तिथे वनखात्याशिवाय दगडही हलत नाही. देऊळ मुजराईत (सरकारी देखरेखीखाली) असेल तर मुजराई खातं आणि दर्ग्या-मशिदीसाठी वक्फ बोर्ड हेही विसरू नका.

एकाच वास्तूवर दोन-तीन खात्यांचा अधिकार असणं नेहमीचं आहे. उदाहरणार्थ, गावातल्या मुजराई देवळासमोरचा चौक पंचायतीचा, रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा आणि देवळाबाहेरचा वीरगळ कुणाचाच नाही. अशा ‘कुणाच्याच नाही’ वस्तू सगळ्यात आधी नाहीशा होतात.

यादी: काय घ्यायचं, कसं मोजायचं

नुसत्या देवळांची आणि वाड्यांची यादी केली तर ती अपुरी पडते. आपल्या भागाचा वारसा कष्टकऱ्यांच्या जागांमध्येही आहे. शहापूर, वडगाव, खासबागमधली माग असलेली विणकरांची घरं, निपाणीतल्या तंबाखूच्या वखारी, गोकाक धबधब्याजवळचा झुलता पूल, खानापूरचे कौलांचे कारखाने, टिळकवाडीतले जुने बंगले, १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खणलेली काँग्रेस विहीर, गल्लीगल्लीतल्या दगडी विहिरी, वेशी, पार, तालमी. मारुतीच्या देवळाबाहेर टेकवून ठेवलेले वीरगळ आणि सतीशिळा, पायरीला लावलेला शिलालेख, हेसुद्धा घ्या. वीरगळावर ऑइल पेंट फासलेला असेल तर खरवडू नका. तसाच फोटो काढा आणि ‘रंग लावलेला’ असं लिहा. खरवडताना दगडाचा पृष्ठभाग निघतो आणि अक्षरं जातात.

दोघांची जोडी पुरते: एक मोजणार, एक लिहिणार. सोबत ३० मीटरची टेप, दर १० सेंटिमीटरवर काळा-पांढरा पट्टा रंगवलेली १ मीटरची काठी, होकायंत्र (फोनमधलं चालेल) आणि छापील तक्ता. एका घराला तास-दीड तास लागतो. दिवसाला पाच-सहा घरं झाली तर ती नीट झाली असं समजा. बारा झाली असतील तर काही तरी सुटलंय.

तक्त्यात हे रकाने असू द्यात:

- नाव, मराठी आणि कन्नड दोन्ही लिपीत. हलशी कन्नड कागदात ‘हलसी’ असते आणि येळ्ळूरचा राजहंसगड काही कागदांत ‘येळ्ळूर किल्ला’ असतो. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, त्याआधीच्या कागदांत बेळगाव. सगळी रूपं लिहा, नाहीतर कार्यालयात ‘अशी जागा आमच्या नोंदीत नाही’ हे उत्तर ठरलेलं.
- सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर किंवा सर्व्हे नंबर आणि हिस्सा. ग्रामपंचायत हद्दीत ई-स्वत्तूच्या (ग्रामपंचायत मिळकतींची ऑनलाइन नोंद) नमुना ९ आणि ११ वरचा मिळकत क्रमांक.
- जीपीएस, दशांशात पाच आकड्यांपर्यंत. बेळगाव साधारण १५.८५ उत्तर, ७४.५० पूर्व असं आहे. तुमचा पहिला आकडा ७४ ने सुरू होत असेल तर अक्षांश-रेखांश उलटे पडलेत. नकाशावर ते ठिकाण भलतीकडेच दिसेल.
- दर्शनी रुंदी, खोली, छज्जापर्यंतची आणि आढ्यापर्यंतची उंची, मजले, समोरच्या रस्त्याची रुंदी तीन ठिकाणी मोजून.
- बांधकाम: भिंत जांभ्याची, काळ्या दगडाची, विटेची की मातीची, जोड चुन्याचा की सिमेंटचा, छप्पर मंगळुरी कौलाचं की नळीचं.
- आजचा वापर, राहणाऱ्यांची संख्या, मालक की भाडेकरू.
- स्थिती: चांगली, दुरुस्तीजोगी, धोक्याची. धोक्याची लिहिलीत तर नेमकं काय धोक्याचं तेही लिहा. ‘जीर्ण’ हा एक शब्द लिहिला की पालिकेच्या हाती घर पाडण्याचं कारण आयतंच मिळतं.

फोटो किमान सहा: समोरून काठी लावून, डाव्या-उजव्या कोपऱ्यातून, दोन्ही शेजाऱ्यांसह गल्लीचा, आतला सोपा किंवा माजघर, आणि एखादा तपशील, म्हणजे खांबाचं तळखडं, दाराची गणेशपट्टी, खिडकीचे गज. शेजाऱ्यांसह काढलेला फोटो सगळ्यात उपयोगी. गल्ली एकसंध आहे हे त्यावरूनच सिद्ध होतं आणि ‘परिसर’ मागताना तोच कामाला येतो.

मालकाशी बोलणं हा या कामातला सगळ्यात नाजूक भाग आहे आणि बऱ्याच याद्या इथेच मोडतात. घराला ‘वारसा’ म्हटलं की सरकार ताब्यात घेणार, विकता येणार नाही, खिळा ठोकायला परवानगी लागणार, ही भीती खरी असते. तिची खिल्ली उडवू नका. यादीत येणं म्हणजे संपादन नव्हे, मालकी त्यांचीच राहते, आतल्या सोयी बदलता येतात, हे सांगा. मग त्यांना काय हवं ते विचारा. बहुतेकांना तीन गोष्टी हव्या असतात: पार्किंगच्या अटीतून सूट, खालच्या मजल्यावर दुकान किंवा खानावळ चालवायची मुभा, आणि दुरुस्तीची परवानगी लवकर. या तिन्ही मागण्या नियमांत घालता येतात. घरातली भांडणं, वाटणीचा दावा, कुळाचा प्रश्न असेल तर तो तक्त्यात लिहू नका. तक्ता सार्वजनिक होणार आहे.

कागदांचा शोध

बेळगाव १८१८ साली इंग्रजांकडे गेलं, पुढे मुंबई इलाख्यात राहिलं आणि १९५६ साली म्हैसूर राज्यात आलं. म्हणून जुने कागद मोडी आणि मराठीत, मधले इंग्रजीत, नंतरचे कन्नडमध्ये. तीनही वाचणारे लोक गटात हवेत. मोडी वाचणारे आता मोजकेच उरलेत. घरातल्या ट्रंकेत करारपत्रं, पावत्या सापडल्या तर लॅमिनेशन करू नका. उन्हापासून दूर, सपाट ठेवून दिवसा उजेडात फोटो काढा आणि मूळ कागद घरातच राहू द्या. घराचं वय ठरवायला खरेदीखत आणि जुना सिटी सर्व्हे नकाशा पुरेसा असतो. सिटी सर्व्हे कार्यालयातून उतारा आणि नकाशाची नक्कल घ्या, शेतजमिनीला पहाणी (सात-बारासारखा उतारा). नक्कल मिळायला अडचण येत असेल तर माहिती अधिकारात १० रुपये भरून अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

शहापूरचं थोडं वेगळं आहे. ते सांगली संस्थानात होतं, त्यामुळे तिथल्या जुन्या नोंदी बेळगावच्या जिल्हा दप्तरात मिळतीलच असं नाही. ‘रेकॉर्ड नाही’ या उत्तरावर थांबू नका. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बेळगाव खंड १८८४ चा आहे. त्यातलं एखाद्या पेठेचं किंवा तलावाचं वर्णन हरकतीला जोडलं तर वजन पडतं.

नियमात नेमकं काय मागायचं

‘आमचा वारसा जतन करा’ या वाक्यावर कोणताही नियोजक काही करू शकत नाही. त्याला आकडा लागतो, रेषा लागते.

रस्त्याची रेषा पहिली. ज्या गल्लीत यादीतली घरं आहेत तिची प्रस्तावित रुंदी आजच्या रुंदीइतकीच ठेवावी, असं सीटीएस नंबरांसह मागा आणि रहदारीचा पर्यायही द्या. जोड रस्त्यांवर एकेरी वाहतूक, बाजाराच्या कडेला वाहनतळ, मालवाहू गाड्यांना ठरावीक वेळ. पर्याय नसलेली हरकत रुंदीकरणाविरुद्धचा हट्ट ठरते आणि बाजूला पडते.

दुसरी बांधकाम रेषा. घरापुढे दीड मीटर जागा सोडायचा नियम नव्या लेआऊटसाठी बरोबर आहे. जुन्या गल्लीत तोच लावला तर प्रत्येक नवं घर दीड मीटर मागे सरकतं, गल्लीची एकसंध ओळ दातांसारखी तुटते आणि पुढे सोडलेल्या जागेत मोटरसायकली उभ्या राहतात. म्हणून ‘दर्शनी भिंत सध्याच्या ओळीतच’ असा नियम मागा.

उंचीचा हिशेब कागदावर काढून दाखवा, तो पटतो. ६ मीटरच्या गल्लीत समोरच्या कडेला उभ्या माणसाचे डोळे दीड मीटरवर. समोरच्या घराचा छज्जा ६ मीटर उंचीवर. डोळ्यापासून छज्जाकडे रेषा ओढली तर ती दर मीटरला ०.७५ मीटर वर चढते. छज्जाच्या ४ मीटर मागे ती ९ मीटर उंचीवर पोचते. म्हणजे दर्शनी भागापासून ४ मीटर मागे घेतलेला ३ मीटरचा आणखी एक मजला गल्लीतून दिसत नाही. मालकाला खोल्या मिळतात, गल्लीला तिचं रूप. एकच चित्र, एक त्रिकोण, आणि दोन्ही बाजूंचा वाद निम्मा होतो. रस्ता रुंद असेल तर हिशेब बदलतो, माणूस लांब उभा राहतो आणि मागचा मजला दिसू लागतो. म्हणून प्रत्येक गल्लीचं चित्र वेगळं काढा, एकच आकडा सगळ्या शहराला लावू नका.

पार्किंगची अट जुन्या घरांच्या मुळावर येते. खालचा मजला गाड्यांसाठी मोकळा ठेवायचा म्हटलं की कट्टा आणि सोपा जातो आणि तिथे शटर येतं. यादीतल्या घरांना सूट आणि बदल्यात गल्लीबाहेर सामाईक वाहनतळ, असं लिहा. वापराच्या बाबतीत मिश्र वापर मागा. खासबाग-वडगावात घरात माग चालतो, तिथे शुद्ध निवासी पट्टा जाहीर झाला तर मागच बेकायदा ठरू शकतो. विणकर गेला की घराचा अर्थच जातो.

परिसराची हद्द ओढताना एक चूक सर्रास होते. नकाशावर सोपं म्हणून रेषा गल्लीच्या मधून नेतात. मग गल्लीची एक बाजू नियमात आणि समोरची बाहेर. हद्द नेहमी दोन्ही बाजूंच्या घरांच्या परसाच्या भिंतींवरून न्या आणि कोपऱ्यातली घरं पूर्ण आत घ्या.

श्रेण्या तीन पुरतात, देशात बहुतेक ठिकाणी हीच पद्धत आहे. पहिली: राष्ट्रीय किंवा राज्य पातळीचं महत्त्व, जतनापलीकडे काही नको. दुसरी: दर्शनी रूप आणि मुख्य रचना तशीच, आत बदल चालतील. तिसरी: गल्लीचं रूप घडवणारी साधी घरं, मागे वाढ चालेल. सगळंच पहिल्या श्रेणीत घालण्याचा मोह टाळा. आम्ही पाहिलेल्या याद्या त्यामुळेच विश्वासार्हता गमावून बसल्या. शंभर घरांत पहिल्या श्रेणीला पाच-सात मिळाली तरी पुष्कळ.

आणखी एक गोष्ट नियोजकांच्या नजरेत कधीच येत नाही: मिरवणुकीचा मार्ग. शिवजयंतीच्या चित्ररथांची आणि गणेश विसर्जनाची मिरवणूक ज्या रस्त्यांनी कपिलेश्वर तलावाकडे किंवा ठरल्या चौकाकडे जाते, त्या मार्गावर नवी वीजवाहिनी, कमान किंवा पूल किती उंचीवर असावा हे प्लॅनमध्ये लिहायला हवं. चित्ररथांची नेहमीची उंची मंडळांकडून घ्या आणि वर किमान १ मीटर मोकळं मागा. विजेच्या तारा भूमिगत करण्याच्या कामात हा मार्ग पहिल्या टप्प्यात घ्यावा, असंही लिहा.

हरकतीचे ६० दिवस

मास्टर प्लॅनचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर जनतेला सूचना आणि हरकती द्यायला ६० दिवस मिळतात. ६० दिवसांत यादी तयार होत नाही, ती आधीच तयार हवी. म्हणून बुडाने प्लॅन तयार करण्याचा इरादा जाहीर केला की लगेच, सर्वेक्षण चालू असतानाच, यादी देऊन पोच घ्या. तेव्हा दिलेली यादी विनंती असते, मसुद्यानंतर तीच हरकत होते. दोन्ही द्या.

मसुद्याचा नकाशा पाहायला जाताना आपल्या यादीतली ठिकाणं पारदर्शक कागदावर त्याच प्रमाणात काढून न्या. नकाशावर ठेवलं की कोणत्या घरावर रस्ता पडला ते पाच मिनिटांत दिसतं. नुसता फोनवरचा फोटो मोठा करून पाहिला तर १२ आणि १८ मीटरच्या रेषांमधला फरक कळत नाही.

एका जागेला एक हरकत. चाळीस घरांची एकच लांबलचक हरकत दिली तर तिला एकच उत्तर मिळतं, आणि ते बहुधा ‘विचार केला’ एवढंच असतं. नमुना असा:

*विषय: प्रभाग क्रमांक …, सीटीएस नंबर … ते … समोरील प्रस्तावित १२ मीटर रस्ता.*
*१. या गल्लीची आजची रुंदी ५.८ ते ६.२ मीटर आहे (मोजमाप तक्ता सोबत).*
*२. प्रस्तावित रुंदीमुळे १४ घरांचा दर्शनी सोपा आणि मुख्य खांब बाधित होतात (फोटो व नकाशा सोबत).*
*३. विनंती: रस्त्याची रुंदी ६ मीटर कायम ठेवावी, सदर भाग वारसा परिसर व विशेष नियंत्रण क्षेत्र म्हणून दाखवावा, सोबतचे नियम विशेष विनियमांत घ्यावेत.*
*४. वाहतुकीचा पर्याय सोबतच्या नकाशात दाखवला आहे.*
*५. प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी.*

अर्ज कन्नडमध्ये द्या, सोबत मराठी प्रत जोडा. हा मुद्दा सीमाभागात भावनेचा आहे, आणि मराठीत कागद मिळण्याचा आग्रह त्याच्या जागी योग्यच आहे. पण ६० दिवसांच्या मुदतीत घर वाचवणं हे त्या दिवशीचं काम असतं. कन्नड प्रतीवर टेबलावरचा माणूस लगेच शेरा मारू शकतो, भाषांतराची सबब उरत नाही. कन्नड शेजारी, शिक्षक, वकील यांना गटात घ्या. जुन्या गल्लीत दोन्ही भाषांची घरं शेजारी शेजारी असतात आणि रेषा दोघांच्याही सोप्यावरून जाते. पोच घेताना तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक तिन्ही पाहा. आवक क्रमांक नसलेली पोच पुढे कोर्टात टिकवणं अवघड जातं.

संरक्षित स्मारकाजवळ घर असेल तर

केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. अंतर संरक्षित हद्दीपासून मोजतात, देवळाच्या भिंतीपासून नाही. किल्ल्यातल्या कमल बस्तीसारख्या वास्तूभोवती मोकळी जागाही संरक्षित असते, त्यामुळे अंदाजात चूक झाली तर आपलं घर १०० मीटरच्या आत निघतं. हद्दीचा नकाशा पुरातत्त्व खात्याकडून घ्या.

प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम होत नाही, सरकारी कामालाही हाच नियम. पण १६ जून १९९२ पूर्वीचं घर असेल तर दुरुस्ती-नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. अर्ज सक्षम प्राधिकाऱ्याकडे, तो १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे, प्राधिकरणाचं मत २ महिन्यांत, मग महिन्याभरात निर्णय. म्हणजे कागद पूर्ण असतील तरी साडेतीन महिने धरा आणि पावसाळ्याच्या तोंडावर अर्ज करू नका. परवानगीविना काम केल्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. घराच्या वयाचा पुरावा म्हणून घरपट्टीची जुनी पावती, वीजजोडणीचा कागद किंवा सिटी सर्व्हे नोंद जोडा. शेजाऱ्यांचं प्रतिज्ञापत्र एकटं पुरत नाही.

नियम मिळाला, आता घर टिकवायचं

प्लॅनमध्ये नाव आलं आणि दुरुस्ती सिमेंटने झाली तर घर कागदावरच वाचतं. आपल्याकडचा जांभा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. चुन्याचा गिलावा ते पाणी बाहेर जाऊ देतो. सिमेंटचा गिलावा अडवतो. मग ओल वर चढते, क्षार पृष्ठभागामागे जमतात, दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात आणि सुटताना जांभ्याचा थरही घेऊन येतात. खानापूरच्या पश्चिमेकडे, कणकुंबीकडे पाऊस फार, तिथे हे आणखी लवकर होतं.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवा. आधी पाणी थांबवा: फुटकी कौलं, पन्हळ, भिंतीलगत साचणारं पाणी, जमिनीची वाढलेली पातळी. मंगळुरी कौल चौरस मीटरला साधारण १५ लागतं, मोजून १० टक्के जास्त आणा, आणि जुन्याच मापाचं मिळतंय का ते आधी एक नमुना लावून पाहा, कारण खोबणी जुळली नाही तर पाणी आत शिरतंच. दुसरं, सिमेंटचा गिलावा छिन्नी-हातोड्याने हळू काढा, ब्रेकर लावू नका. भिंत एक पूर्ण उन्हाळा सुकू द्या. क्षार कोरड्या कुंच्याने झाडा, धुतले तर परत आत जातात.

मग चुना. कळीचा चुना विरवून, चाळून किमान १५ दिवस, जमल्यास महिनाभर पाण्याखाली मुरू द्या. गिलाव्याला १ भाग चुना, ३ भाग धुतलेली वाळू. थर १०-१२ मिलिमीटरपेक्षा जाड नको, दोन थरांत करा. भिंत आधी भिजवा, गिलाव्यावर ओलं गोणपाट किमान ७ दिवस ठेवा. घाईने सुकलेला चुना भुगा होतो. गवंडी ‘थोडं सिमेंट टाकतो, लवकर बसेल’ म्हणेल. त्या थोड्याने चुन्याचा श्वास बंद होतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा या कामाचा हंगाम. खाणीतून नुकताच काढलेला जांभा मऊ असतो आणि हवेत कडक होतो, म्हणून बदलायचे चिरे आदल्या वर्षीच आणून ठेवा.

तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरतं तिथे पेचकस टोचून पाहा. अर्ध्या इंचाहून जास्त गेला तर टोक कुजलंय. पूर्ण तुळई बदलायची गरज नसते, कुजलेला भाग कापून सागाचा तुकडा तिरक्या जोडाने बसवता येतो. टोकाभोवती बोटभर मोकळी हवा ठेवा. गवंडी ती फट सिमेंटने बुजवतो आणि पाच वर्षांत तेच टोक पुन्हा कुजतं.

खेडी, गड आणि पांढर

शहराबाहेर धोका वेगळ्या रूपात येतो: एनए (बिगरशेती) झालेलं लेआऊट, जांभ्याची खाण, रुंद होणारा रस्ता, जेसीबी. बेळगावला लागून वडगाव-माधवपूरला उत्खननात सातवाहनकाळातल्या वस्तीचे अवशेष मिळाले. अशा जुन्या वस्तीची पांढरी माती, खापऱ्या, विटांचे तुकडे शेतात दिसत असतील तर ते सर्व्हे नंबर यादीत घाला आणि लेआऊटच्या परवानगीआधी पुरातत्त्व खात्याचं मत घ्यावं, अशी अट मागा. पाया खणताना नाणी, मूर्ती, भांडी निघाली तर असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. काम थांबेल या भीतीने लोक वस्तू पुरतात किंवा विकतात. गावात हे आधी सांगितलेलं असलं तर प्रसंग नीट निभावतो.

हलशीची कदंबांची देवळं, देगावचं कमल नारायण मंदिर, कित्तूरचा किल्ला, नंदगडची संगोळ्ळी रायण्णांची समाधी: ही ठिकाणं एकमेकांना जोडून प्रादेशिक आराखड्यात मागा. वाहनतळ गावाच्या वेशीबाहेर, शेवटचे २००-३०० मीटर चालत, नव्या दुकानांची जागा देवळाच्या समोरच्या दृश्यरेषेबाहेर. राजहंसगडासाठी गडावरून दिसणारी टेकडीची कड आणि उतार ‘विशेष नियंत्रण’ म्हणून नकाशावर दाखवायला सांगा. गडाची तटबंदी वाचली आणि पायथा खाणीने कुरतडला तर पावसाळ्यात दरड तटाखालीच सुटते.

देवराया, यात्रेची गायरानं, ओढ्याकाठची दगडी घाटबांधणी ही ग्रामपंचायतीच्या हातातली कामं. ग्रामसभेत ठराव करा. ठरावात सर्व्हे नंबर, चतुःसीमा, क्षेत्र आणि ‘या जागेत कोणतंही बांधकाम वा खोदकाम ग्रामसभेच्या मंजुरीशिवाय होऊ नये’ हे वाक्य असू द्या, आणि पंचायतीच्या वार्षिक आराखड्यात कुंपण, सफाई किंवा गाळ काढण्यासाठी छोटी का होईना तरतूद टाका. पैसा दाखवलेली जागा नोंदीत जिवंत राहते. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी पीडीओंकडून (पंचायत विकास अधिकारी) घ्या, एक तालुका पंचायतीला आणि एक बुडा किंवा तालुक्याच्या नियोजन कार्यालयाला आवक क्रमांकासह द्या, आणि तिसरी गावातल्या वाचनालयात ठेवा.